दात उंदराला द्यायचा की परीला? कडावच्या कौलांवरून सुरू होणारी एक जगभराची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, लोकलमध्ये हेडफोन विसरलेत, किंवा सरळ वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय. बोलण्यातली वाक्यं बोलल्यासारखीच ठेवलीत, सांभाळून घ्या.

आजचा विषय अगदी छोटा आहे. म्हणजे आकारानं छोटा, तांदळाच्या कणीएवढा. लहान मुलांचा पडलेला दुधाचा दात.

झालंय असं की हल्ली मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये दात पडला की मूल तो उशीखाली ठेवतं, रात्री एक परी येते, दात नेते आणि पैसे ठेवून जाते. आपल्याकडची मुलंही आता विचारायला लागलीत, "आमच्याकडे का नाही येत परी?" आईबाबांपुढे प्रश्न. आजी म्हणते, छपरावर टाक, उंदीर नवीन दात देईल. पण छप्परच राहिलं नाही, वर स्लॅब आहे! मग करायचं काय? परीला बोलवायचं, उंदराला बोलवायचं, की आपणच काहीतरी नवीन सुरू करायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपण इतिहासात जाऊ. सुरुवात कुठून? तर कडावपासून.

कडाव, गणपती आणि एक दात

कर्जत स्टेशनला उतरून काशेळे-मुरबाडच्या दिशेनं निघालात की कडाव लागतं. रायगड जिल्ह्याचा हा आतला भाग. समुद्र दिसत नाही, पण पाऊस कोकणातलाच. चहूकडे भातखाचरं. कर्जतचं भात संशोधन केंद्र शेतकऱ्यांना चांगलंच माहीत आहे. 'कर्जत-३', 'कर्जत-७' या भाताच्या जाती तिथल्याच. तर कडाव म्हणजे भाताच्या मुलखातलं गाव. ही भाताची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कडाव प्रसिद्ध आहे ते तिथल्या गणपतीसाठी, बालदिगंबर गणेश. नावातच सगळं आलं. बाल म्हणजे लहान मूल, दिगंबर म्हणजे अंगावर कपडा नसलेला. म्हणजे हा मोठा, दरबारी थाटाचा गणपती नाही. आपल्या अंगणात उघडंनागडं पळणारं पोर असतं ना, त्या वयाचा देव. शेजारच्या खालापूर तालुक्यात महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांतला एक. तिथलं देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. म्हणजे कर्जत-खालापूर हा पट्टा गणपतीचा आहे म्हणायला हरकत नाही.

आता गणपती आणि दात यांचं नातं तुम्हाला माहीतच आहे. एकदंत! त्याचा एक दात तुटला कसा, याच्या कथा अनेक. कोकणात सगळ्यांत जवळची वाटते ती परशुरामाची. परशुराम शंकराला भेटायला आला, बाल गणेशानं दारातच अडवलं. भांडण झालं, परशुरामानं परशू फेकला. गणपतीनं पाहिलं, हा परशू तर आपल्या बाबांनीच दिलेला. तो फुकट कसा जाऊ द्यायचा? म्हणून त्यानं तो घाव दातावर घेतला. दुसरी कथा महाभारताची: व्यास सांगतायत, गणपती लिहितोय, लेखणी मोडली तर त्यानं दातच मोडून लेखणी केली. तिसरीत तो चंद्रावर रागावतो आणि दात उपटून त्याला फेकून मारतो.

तिन्ही कथांमध्ये एक गोष्ट सारखी आहे बघा. गणपतीचा गेलेला दात परत येत नाही. देव असूनही नाही. आणि त्याच्या पायाशी बसलेला कोण? उंदीर. तोच उंदीर, ज्याच्याकडे आपली आजी नवीन दात मागायला लावते. आता स्पष्ट सांगतो, हा धागा कुठल्या पोथीत लिहिलेला नाही, आपण इथे बसून जोडतोय. पण कडावच्या त्या बालगणेशासमोर उभं राहिलं की दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात एवढं खरं.

उंदीरच का? आणि छपरावरच का?

आपल्याकडची पद्धत आधी नीट मांडू. दात हलायला लागतो. मूल दिवसभर जिभेनं हलवत बसतं. एक दिवस तो भाकरीच्या तुकड्यात नाहीतर पेरूत अडकून निघतो. मग घरातलं मोठं माणूस सांगतं, जा, कौलांवर टाक आणि उंदराला सांग, माझा दात घे, तुझा दात दे. कुठे शेणाच्या गोळ्यात दात घालून तो गोळा छपरावर फेकतात. कुठे तुळशीपाशी किंवा मातीत पुरतात. आणि वर ताकीद, रिकाम्या जागेला जीभ लावायची नाही, नाहीतर दात वाकडा येईल! शब्द घराघरात बदलतात, पण सौदा तोच असतो: जुना घे, नवा दे.

उंदीरच का, याचं उत्तर उंदराच्या तोंडात आहे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. तो कुरतडतो ते नुसतं खाण्यासाठी नाही. कुरतडताना दात झिजतात आणि योग्य लांबीचे राहतात. कधीही न संपणारे दात! ज्याच्याकडे दातांचा असा अखंड साठा आहे, त्याच्याकडेच दात मागायला नको का?

आणि छप्पर का, याचं उत्तर भातात आहे. जुनं घर डोळ्यांसमोर आणा. पुढे ओटी, बाजूला पडवी, आत कणगीत भात भरलेलं, वर माळा, त्यावर वासे आणि त्यावर गवताचं किंवा कौलांचं छप्पर. भात घरात आलं की उंदीर घरात आलाच. त्याचा रस्ता कुठून? वळचणीतून, माळ्यावरून, कौलांखालून. रात्री अंथरुणात पडलं की वर खुडखुड ऐकू यायची. म्हणजे मुलाच्या दृष्टीनं उंदराचा पत्ता पक्का होता: छप्पर. तिथे दात टाकणं म्हणजे थेट दारात नेऊन देणं. यात गूढ काही नाही, साधी पोस्टाची व्यवस्था आहे!

गंमत म्हणजे हाच विचार हजारो किलोमीटर लांब, प्रशांत महासागरातल्या रारोटोंगा बेटावरही झालेला दिसतो. जेम्स फ्रेझर नावाच्या अभ्यासकाचा 'द गोल्डन बाऊ' हा गाजलेला ग्रंथ १८९० मध्ये पहिल्यांदा आला. पुढे वाढत वाढत गेलेल्या या ग्रंथात जगभरच्या चालीरीतींचा साठा आहे. त्यात त्यानं नोंदवलंय की रारोटोंगात मुलाचा दात गवताच्या छपरावर टाकतात आणि उंदरांकडे नवा दात मागतात, कारण उंदीर त्या छपरातच घर करतात आणि उंदराचे दात सगळ्यांत मजबूत. जर्मनीतही उंदराच्या बिळात दात टाकण्याची चाल त्यानं दिलीय. जपान, कोरियात खालचा दात छपरावर आणि वरचा दात खाली, जमिनीकडे टाकायची पद्धत. म्हणजे नवा दात जुन्याच्या दिशेनं सरळ वाढावा! कोरियात उंदराऐवजी मॅगपाय पक्षी दात नेतो.

बी. आर. टाउनेंड नावाच्या अभ्यासकानं १९६३ मध्ये जगभरच्या अशा पद्धतींची वर्गवारी केली. नऊ प्रकार निघाले: सूर्याकडे फेकणं, आगीत टाकणं, दोन पायांमधून मागे फेकणं, छपरावर टाकणं, उंदराच्या बिळात ठेवणं, पुरणं, लपवणं, झाडात किंवा भिंतीत ठेवणं आणि, घाबरू नका, गिळणं. आपल्या आजीनं सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या यादीत बसतात. तेव्हा "आमच्याकडे म्हणजे कायतरी अडाणीपणा" असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं ही यादी पाहावी. आपण जगाच्या पंगतीतच बसलोय.

जो संस्कार झालाच नाही

आता जरा वेगळा प्रश्न. आपल्या परंपरेत मुलासाठी किती विधी आहेत! जातकर्म, नामकरण, अन्नप्राशन म्हणजे उष्टावण, चौल म्हणजे जावळ, मग उपनयन. सोळा संस्कार म्हणतो आपण. यात दात पडण्याचा संस्कार आहे का? नाही.

दात येण्याची दखल मात्र फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात बाळाला पहिल्यांदा येणाऱ्या वरच्या दोन दातांसाठी एक छोटं सूक्त आहे. त्यात त्या दातांना वाघ म्हटलंय! आणि त्यांना विनवणी केलीय की बाबांनो, तुम्ही भात खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, पण आईबापाला इजा करू नका. किती घरगुती भीती आहे बघा. अंगावर पिणाऱ्या बाळाला दात आले की आईला काय होतं, हे ज्याला माहीत आहे त्यानंच हे लिहिलं असणार.

दात येण्याला एवढं महत्त्व का होतं? कारण मूल जगेल की नाही याची खात्री नव्हती. धर्मशास्त्रात दात येण्याआधी मूल गेलं तर सुतकाचे नियम वेगळे. अगदी लहान मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. रोममध्येही पहिल्या शतकातल्या प्लिनीनं लिहून ठेवलंय की दात न आलेल्या बाळाचं दहन करण्याची रीत नाही. दोन वेगळे देश, पण हिशोब तोच: दात आला म्हणजे मूल माणसांत आलं. आज आपण बाळाच्या पहिल्या दाताचा फोटो स्टेटसला टाकतो. त्या आनंदामागे ही जुनी धास्ती उभी आहे.

मग सहा-सात वर्षांनी तेच दात पडायला लागतात तेव्हा? तेव्हा धोका बराच मागे पडलेला असतो. मूल जगलं, चालायला लागलं, शाळेत जायला लागलं. इथे भटजी नाही, मुहूर्त नाही, दक्षिणा नाही. आहे फक्त आजी, एक हललेला दात आणि छप्पर. म्हणूनच ही प्रथा कुठल्या एका जातीची, एका धर्माची झाली नाही. कौल ज्याच्या घरावर, तो टाकणार.

यात एक शब्द फार सुंदर आहे. संस्कृतात दाताला एक नाव आहे, द्विज. दोनदा जन्मलेला. पक्षीही द्विज, आधी अंडं म्हणून आणि मग पिल्लू म्हणून. आणि मुंज झालेल्यालाही द्विज म्हणतात, ते आपल्याला जास्त माहीत. काश्यपसंहिता या बालरोगांवरच्या जुन्या आयुर्वेद ग्रंथात दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे, दंतजन्मिक. त्यात म्हटलंय की बत्तीस दातांपैकी आठ एकदाच जन्मतात, बाकीचे द्विज. आजच्या दंतवैद्यकाप्रमाणे दुधाचे दात वीस, म्हणजे दोनदा येणाऱ्या जागा वीस आणि एकदाच येणाऱ्या दाढा बारा. आकडे जुळत नाहीत, पण निरीक्षणाची पद्धत बघा.

आता याचा अर्थ लावा. दुसरा जन्म मिळण्यासाठी एका समाजानं जातीचे आणि लिंगाचे किती दरवाजे लावले होते! मुंज सगळ्यांची होत नव्हती, मुलींची तर नाहीच. पण तोंडातले द्विज? ते कर्जतच्या सावकाराच्या मुलाला आणि वाडीवरच्या मुलीला सारखेच, वीसच्या वीस. निसर्गानं ही मुंज सगळ्यांची लावली.

परी आली कुठून?

बरं, आता परीकडे वळू. तुम्हाला वाटत असेल, ही युरोपातली प्राचीन देवता असेल. तर नाही! युरोपातही आधी उंदीरच होता.

फ्रान्समध्ये आजही दात नेणारी परी नसते, छोटी उंदरीण असते. तिचा संबंध सतराव्या शतकाच्या शेवटी मादाम दोल्नुआ या लेखिकेनं लिहिलेल्या एका परीकथेशी जोडतात. त्या कथेत परी उंदराचं रूप घेते आणि एका दुष्ट राजाला सळो की पळो करून सोडते. म्हणजे परीसुद्धा कामावर जाताना उंदीर होऊन गेली!

स्पेनची गोष्ट तर आणखी छान. १८९४ मध्ये तिथल्या राजघराण्यात आठ वर्षांच्या राजाचा दात पडला. हो, आठ वर्षांचा राजा. अल्फोन्सो तेरावा जन्मतःच राजा झाला होता. त्याच्यासाठी लुईस कोलोमा या धर्मगुरू लेखकाला गोष्ट लिहायला सांगितली. त्यानं पेरेस नावाचा उंदीरमामा उभा केला, माद्रिदच्या एका मिठाईवाल्याकडे बिस्किटांच्या डब्यात राहणारा. गोष्टीत हा उंदीर बालराजाला स्वतःसारखा उंदीर करतो आणि रात्री शहरात फिरवतो. राजा काय बघतो? एका गरीब मुलाचं थंड, मोडकं घर. त्याचाही दात पडलाय. त्यालाही उंदीर भेट देतो. राजाला कळतं की आपल्या राज्यात अशीही मुलं राहतात. माद्रिदमध्ये आजही त्या रस्त्यावर या उंदराच्या नावाची पाटी आहे.

मग परी? परीचा छापील पुरावा सापडतो तो १९०८ चा. २७ सप्टेंबर १९०८ च्या 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये घरगुती सूचनांच्या सदरात एका बाईंनी लिहिलं की मूल हलणारा दात काढू देत नसेल तर त्याला दातपरीची गोष्ट सांगा, दात उशीखाली ठेवला की परी काहीतरी भेट ठेवते. आणि आयांनो, पाच सेंटवाल्या दुकानातून अशा बारीकसारीक वस्तू आधीच आणून ठेवा. म्हणजे परी जगासमोर आली ती पालकांसाठी एक युक्ती म्हणून! १९२७ मध्ये एस्थर वॉटकिन्स अरनॉल्ड यांनी शाळेतल्या मुलांसाठी परीवर छोटं नाटक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पैसा खेळू लागला, सिनेमांमधून पऱ्या घराघरात पोचल्या आणि दातपरी पक्की झाली. १९९३ मध्ये रोझमेरी वेल्स या अभ्यासक बाईंनी शिकागोजवळ डीअरफील्डमध्ये चक्क दातपरीचं संग्रहालय उघडलं.

आता शेजारी आपलं साल ठेवून बघा. लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाची हाक दिली १८९३ मध्ये. म्हणजे आपल्या गल्लीतला मंडळाचा गणपती हा छापील दातपरीपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा आहे. घरचा गणपती फार जुना, मंडळाचा मात्र त्या मानानं कालचाच. तरी आपल्याला तो अनादी काळापासूनचा वाटतो ना? परंपरा अशाच असतात. त्या कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी सुरू केलेल्या असतात. दोन पिढ्या गेल्या की सगळे म्हणतात, "आमच्याकडे पहिल्यापासून असंच."

पैसे की वचन?

तर मंडळी, परंपरा नवीन करता येते हे इतिहास सांगतो. मग परीच घ्यावी का? घ्यायला कुणाचीच ना नाही. पण परी आणि उंदीर यांच्यात एक मोठा फरक आहे, तो बघून घ्या.

परी दात विकत घेते. उंदीर दाताची अदलाबदल करतो.

परीकडे दाताचा दर ठरतो. अमेरिकेत एका दंतविमा कंपनीतर्फे १९९८ पासून या दराची पाहणी होते. सुरुवातीला सरासरी दर सव्वा डॉलरच्या आसपास होता, अलीकडे तो पाच डॉलरच्या वर गेलाय. दर आला की तुलना आली. "तुला किती मिळाले? मला तर शंभर!" एकाच वर्गात एकाच्या उशीखाली पाचशेची नोट आणि दुसऱ्याच्या उशीखाली काहीच नाही. ज्या मुलाचे आईबाप वीटभट्टीवर कामाला गेलेत, त्याच्याकडे परी येत नाही, याचं त्यानं काय समजायचं?

उंदराकडे असं नसतं. तो सगळ्यांना एकच गोष्ट देतो, दात. आणि ती गोष्ट खरंच मिळते! हा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. विचार करा, सहा वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं दात पडणं काय असतं? आपल्या शरीराचा तुकडा तुटून हातात येतो. रक्त येतं. आता आणखी काय काय पडणार? अशा वेळी घरातलं मोठं माणूस सांगतं, गेलेलं परत येणार आहे, थोडं थांब. आणि काही आठवड्यांत हिरडीतून पांढरी धार दिसते. मोठ्यांनी दिलेलं वचन आपल्याच तोंडात खरं झालेलं मूल बघतं. परीची गोष्ट एक दिवस उघडी पडते, नोट ठेवणारे बाबाच होते हे कळतं. उंदराची गोष्ट खोटी निघाली तरी दात आलेलाच असतो.

शास्त्रही असंच सांगतं. खालून येणारा कायमचा दात दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवतो, म्हणून तो सैल होतो. पडलेला दात हातात घेऊन बघा, त्याला मूळ जवळजवळ नसतंच. म्हणजे दात पडतो तो नवा यायला लागल्यामुळे. नवा आधीच निघालेला असतो, वाटेत असतो. आजीनं उंदराचं नाव घेतलं, पण गोष्ट बरोबर सांगितली.

स्लॅबच्या घरात उंदीर येणार कुठून?

आता अडचणीचं बोलू. कडाव काय, नेरळ काय, खोपोली काय, घरं बदलली. गवत गेलं, नळीची कौलं गेली, मंगलोरी कौलंही चाललीत. पत्रा आला, स्लॅब आला, सोसायट्या आल्या. दुसऱ्या मजल्यावरून दात फेकला तर तो खालच्या काकांच्या गाडीवर पडेल! कणगीही नाही, भात थेट गिरणीत जातं. उंदरासाठी घरात पिंजरा असतो आणि लेप्टोचीही भीती असते, तेही खरंच. तेव्हा प्रथा जशीच्या तशी जपा असं म्हणण्यात अर्थ नाही. तिच्यातलं काय ठेवायचं एवढंच ठरवायचं.

मला विचाराल तर तीन गोष्टी ठेवाव्यात.

पहिली, दात मुलानं स्वतः द्यावा. छपरावर फेकणं हे मुलाचं काम होतं, दोन-तीनदा नेम चुकायचा, सगळे हसायचे. आता फेकायला छप्पर नसेल तर कुंडीतल्या तुळशीपाशी, सोसायटीतल्या झाडाखाली, सुट्टीत गावाला गेल्यावर शेताच्या बांधावर पुरावा. दात मातीच्या बोळक्यात घालून ठेवता येईल तोवर. बोळकं शब्दही इथे शोभतो. दात नसलेल्या तोंडालाही आपण बोळकंच म्हणतो की!

दुसरी, सौदा बदलू नये. जुना घे, नवा दे. पैसे द्यायचे असतील तर ते खाऊला द्या, दाताची किंमत म्हणून देऊ नका.

तिसरी, त्या दिवशी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला बोलतं करावं. त्यांचा पहिला दात कुठे टाकला होता, कुणी टाकायला लावला होता, काय म्हणायला लावलं होतं. आजी गावाला असेल तर व्हिडिओ कॉल लावा. एका टोकाला बोळकं, दुसऱ्या टोकाला बोळकं!

आणि एक चौथी, ती इतिहासातली नाही, पण सांगायलाच हवी. आपल्याकडे म्हणतात, "दुधाचेच दात, पडणारच आहेत," आणि किडले तरी दुर्लक्ष करतात. दुधाचा दात वेळेआधी काढावा लागला तर बाजूचे दात सरकतात आणि नव्याला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे एक दाढ येते, कुठलाही दात न पडता. ती गुपचूप येते म्हणून लोकांना वाटतं तीही दुधाचीच. ती कायमची असते. ही एकदाच जन्मणाऱ्यांपैकी, हिला उंदीरही बदलून देत नाही. म्हणून पहिला दात पडला की त्याच आठवड्यात मुलाला तोंड उघडायला सांगा, टॉर्च मारा आणि मागे बघा. नव्या परंपरेत हे एवढं घातलं तरी पुष्कळ झालं.

चौकचे मास्तर आणि तुमचा फोन

जाता जाता एक गोष्ट. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव तुम्ही शाळेत वाचलंय. नाशिकचा कलेक्टर, २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेरेंनी ज्याच्यावर गोळ्या झाडल्या तो. पण या जॅक्सनचं आणखी एक काम होतं. लोकांच्या समजुती, ग्रामदेवता, सूर्य-चंद्र, भुतंखेतं, आजार यांवर त्यानं प्रश्नावल्या तयार करून मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना पाठवल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ती उत्तरं जुळवून १९१५ मध्ये कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक काढलं. त्यात उत्तर देणाऱ्या मास्तरांच्या गावांची नावं आहेत, आणि त्यांत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगडातलं, आपलं चौकही आहे.

विचार करा, शंभरावर वर्षांपूर्वी चौकच्या एका मास्तरानं कंदिलाच्या उजेडात म्हणा, दिवसाच्या सुट्टीत म्हणा, गावातल्या लोकांना विचारून कागदावर उतरवून घेतलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. विचारणारा गोरा साहेब होता, त्याचं राज्य होतं, त्याचे हेतू त्याच्याजवळ. पण लिहिणारा आपला मास्तर होता.

आज तुमच्या खिशात त्या मास्तरापेक्षा किती तरी भारी साधन आहे. या रविवारी एवढंच करा: घरातल्या आजीला, पणजीला, शेजारच्या काकूला विचारा, तुमच्याकडे पडलेला दात कुठे टाकायचे आणि टाकताना काय म्हणायचे? त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. आगरी असो, ठाकरी असो, कातकरी असो, कोकणी मुसलमानांच्या घरातली असो. शुद्ध करू नका, जसं बोलतील तसं ठेवा. आणि ती व्हॉइस नोट आपल्याला पाठवा, कुठल्या गावची ते सांगून. पुरेशा आल्या की एक पूर्ण भाग फक्त त्या आवाजांचा करू.

कौलं गेली, ती काही परत येणार नाहीत. पण त्या कौलांकडे बघून काय म्हणायचं, हे ज्यांना पाठ आहे ती माणसं अजून आहेत. त्यांना आधी गाठा.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर घरातल्या बोळक्यांना जरूर ऐकवा. भेटूया पुढच्या भागात, तोवर दात घासत राहा!